दोन पाळ्यांची खाट

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी खाट आहे. माझ्यावर दोन माणसं झोपतात, पण एकाच वेळी नाही. एकाची रात्र माझ्यावर जाते आणि दुसऱ्याचा दिवस. आमच्या शहरात खोली परवडेना म्हणून लोक नुसती खाट भाड्याने घेऊ लागले. मग खाटही परवडेना, तेव्हा तिची एक पाळी घेऊ लागले.

माझा जन्म एका वर्कशॉपमध्ये झाला. माझे चारही पाय जमिनीला नीट टेकतात ना, हे वेल्डरने वाकून वाकून पाहिलं आणि मगच मला पांढरा रंग लागला. समुद्रकाठच्या एका मोठ्या हॉटेलाने मला विकत घेतलं. पाहुण्यांची मुलं माझ्यावर उड्या मारायची आणि त्यांच्या आया म्हणायच्या, खाट मजबूत आहे हो. मला ते ऐकायला फार आवडायचं. पण खाऱ्या हवेला कौतुकाशी काही देणंघेणं नसतं. रंगाचा जिथे बारीकसा टवका उडतो, तिथून खारट ओलावा आत शिरतो आणि गंज रंगाखालीच पसरत जातो. बाहेरून दिसतो तो फक्त एक फुगवटा. माझ्या मागच्या डाव्या पायावर तो दिसला आणि हॉटेलाने मला भंगारात काढलं.

तिथून मला खाटा भाड्याने देणाऱ्या काकूंनी आणलं. मागच्या गल्लीतल्या त्यांच्या खोलीतून समुद्र दिसत नाही, त्याचं मीठ मात्र येतं. खोली त्यांचीही भाड्याचीच. पर्यटकांचा सीझन जवळ आला की घरमालक त्यांचं भाडं वाढवतो आणि त्या आमच्या माणसांचं. खोलीत खाटा दाटीवाटीने लावून काकू स्वतः जिन्याच्या वळणावर चटई टाकून झोपतात. त्यांचे नियम दोनच. एका खाटेवर एका वेळी एकच माणूस. आणि आजारी माणूस खोलीत नको. गेल्या सीझनला एकाचा ताप सगळ्या खाटांवर फिरला होता आणि खोली रिकामी झाली होती.

माझा रात्रीचा माणूस म्हणजे लिफ्टवाला. केस पिकलेले, दिवसभर हॉटेलच्या लिफ्टमध्ये उभा. दिवसाचा माणूस म्हणजे भट्टीवाला, बेकरीत रात्रभर पाव भाजणारा तरुण. त्यांची भेट व्हायची ती सकाळी, पाळी बदलताना. लिफ्टवाला चादर झटकून द्यायचा, भट्टीवाला त्याच्या हातावर गरम पाव ठेवायचा.

"दादा, ही खाट सासूसारखी आहे. कूस बदलली तरी कुरकुरते."

"तुझं अजून लग्न कुठे झालंय रे?"

"म्हणून तर सराव करतोय."

त्या सकाळी मात्र लिफ्टवाला उठलाच नाही. भट्टीवाल्याने हात लावून पाहिलं, तर अंग चांगलंच तापलेलं. भर सीझनला एक खाडा झाला तर हॉटेल दुसरा माणूस उभा करणार होतं. नोकरी गेली की खाट गेली, आणि खाट गेली की हे शहरच सुटणार होतं. इतक्यात जिन्यावर काकूंचा आवाज आला. त्या कुणाला तरी सांगत होत्या, खाट दाखवते, आवडली तर बोलू.

भट्टीवाल्याने खुंटीवरचा लिफ्टवाल्याचा गणवेश अंगात चढवला आणि टोपी डोळ्यांपर्यंत ओढली. आपले पिठाने माखलेले बूट माझ्याशेजारी काढून ठेवले आणि दादांच्या चपला पायांत सरकवल्या. आजाऱ्याच्या डोक्यावरून चादर ओढून तो मान खाली घालून काकूंच्या शेजारून जिना उतरला. आता रोजच्यासारखंच दिसत होतं. लिफ्टवाला कामावर, भट्टीवाला झोपलेला.

काकूंबरोबर एक वेटर होता, नवी बॅग घेतलेला. त्याला अख्खी खाट हवी होती, दिवसरात्र, आणि तो दुप्पट भाडं द्यायला तयार होता. चादरीखाली लिफ्टवाला थरथरत होता. तो हलला की माझे सांधे वाजत. मी अंग आवळून धरायचा प्रयत्न केला, पण लोखंडाला तेवढंही जमत नाही.

"हा कुडकुडतोय का?" वेटर म्हणाला. "आजारी बिजारी नाही ना?"

काकूंनी पिठाच्या बुटांकडे पाहिलं. मग चादरीचं टोक उचललं. पिकलेले केस दिसले. त्यांनी कपाळावर हात ठेवला. तो हात तिथे जरा जास्तच वेळ राहिला. मला वाटलं, संपलं.

चादर पुन्हा नीट ओढत त्या म्हणाल्या, "भट्टीवरून आलाय. त्याचं अंग तापलेलंच असतं."

वेटरने भाडं आणखी वाढवून सांगितलं. काकू म्हणाल्या, ही खाट भरलेली आहे. तो गेल्यावर त्यांनी स्वतःचा पंचा ओला केला आणि लिफ्टवाल्याच्या कपाळावर घातला. तोंडाने सारखं पुटपुटणं चालू होतं, पण ते काही प्रेमाचं नव्हतं.

संध्याकाळी भट्टीवाला परत आला. उभ्या उभ्या पेंगत त्याने सांगितलं की लिफ्टमध्ये दिवसभरात एकानेही टोपीखाली पाहिलं नाही. त्याला लगेच बेकरी गाठायची होती, त्याआधी घटकाभर पाठ टेकायची होती. लिफ्टवाला भिंतीकडे सरकला आणि दोघं उलटसुलट झोपले, एकाचे पाय दुसऱ्याच्या डोक्याशी. आयुष्यात पहिल्यांदाच दोघांचा भार एकदम माझ्यावर आला. मागचा डावा पाय वाकू लागला. गंज आत कुठवर गेलाय, ते मलाच ठाऊक होतं.

माझा आवाज ऐकून काकू आल्या. दारात उभ्या राहून त्यांनी आपला मोडलेला नियम पाहिला. मग जिन्यातून एक वीट आणून त्यांनी माझ्या पायाशेजारी, चौकटीखाली पक्की बसवली.

"पुढच्या महिन्यापासून भाडं वाढणार आहे," त्या म्हणाल्या. "दोघांनाही सांगून ठेवते."

भाडं वाढलंच. दोघं अजून इथेच आहेत, किती दिवस ते मला सांगता येणार नाही. वीटही तिथेच आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी लोखंडी खाट असेल, तर एकदा वाकून तिच्या पायांकडे पाहा. रंगाला फुगवटा दिसला तर तो खरवडा, गंज घासून काढा आणि नवा रंग द्या. आवाज येईपर्यंत थांबू नका. आम्ही कुरकुरतो तेव्हा आधीच उशीर झालेला असतो, आणि वीट घेऊन येणारं माणूस दर वेळी जिन्यातच असतं असं नाही.