आपोआप बसणारी पिन

डोंगरावरच्या टॉवरांची देखभाल पूर्वी दोघांकडे होती: वायरमन आणि त्याच्याहून दहा वर्षांनी मोठे दादा. दादा निवृत्त झाले. कंपनीने त्यांची जागा भरलीच नाही, आणि जीप, हत्यारं, सहा टॉवर असं सगळं वायरमनच्या एकट्याच्या गळ्यात पडलं.

कामाचं त्याला काही वाटायचं नाही. पंचाईत व्हायची ती शेवटच्या चढावर. जीपच्या पुढच्या दोन चाकांना जोडणारा एक पोलादी दांडा असतो, स्वे बार. रस्त्यावर तो गाडीला कलू देत नाही, पण दगडधोंड्यांत त्याच्यामुळेच एक चाक अधांतरी राहतं. म्हणून पायथ्याशी त्याचे बोल्ट काढायचे आणि खाली आल्यावर पुन्हा लावायचे. लावताना भोकाला भोक जुळत नसे. मग गाडी दबावी म्हणून दादा बंपरवर बसायचे, बसल्या बसल्या जावयाचं गुणगान करायचे, आणि तेवढ्यात बोल्ट आत जायचा. आता वायरमन तासभर गाडीखाली पडून शिव्या देई. ऐकायला कोणी नसल्यामुळे त्यातही राम नव्हता.

शेवटी तीन रविवार खर्ची घालून त्याने स्वतःच त्या बोल्टांच्या जागी बसणारा जोड बनवला. छत्रीच्या दांड्यासारखा पाइपात सरकणारा पाइप आणि मध्ये स्प्रिंगची पिन. पहिली पिन वाकली, दुसरी अडकून बसली. तिसरीचं टोक टर्नरने लेथवर निमुळतं करून दिलं. ती ओढली की चाकं मोकळी. उतरल्यावर सपाटीला गाडी चार हात पुढे घेतली की पिन खट्कन आपोआप आत.

त्याने दादांना फोन केला. त्यांनी शाबासकी दिली आणि नातीला शाळेतून आणायचंय म्हणून ठेवून दिला.

साहेबही खूश झाले. जोडीला माणूस मिळावा असा वायरमनचा अर्ज त्यांच्या टेबलावर पडून होता, तो त्यांनी परत दिला. "आता माणूस कशाला? आणखी चार गाड्यांना बनवून दे."

त्याने दिले. पुढच्याच महिन्यात त्या चारही गाड्यांवरच्या दुसऱ्या माणसाची बदली झाली. कळलं त्या दिवशी त्याला घास गेला नाही.

मग एका दुपारी तो टॉवरखाली डबा उघडून बसला असता अनोळखी नंबरवरून फोन आला. लांबच्या कुठल्याशा डोंगरावरचा वायरमन होता. जोड झकास चालतो म्हणाला, पिनेला तेल कुठलं घालू ते विचारलं. याने सांगितलं. पुढे बोलण्यासारखं काही नव्हतं, तरी फोन कोणीच ठेवेना.

"माझ्यामुळे तुमचा जोडीदार गेला," हा म्हणाला.



"जेवलात का?" पलीकडच्याने विचारलं.

"आत्ताच डबा उघडलाय."

"मग जेवा. मीही उघडतो. फोन राहू दे चालू."