एकच हरकत

धंद्यातली माणसं त्याला पाठीमागे ‘शालजोडी’ म्हणत. मारायचं ते शालीत गुंडाळून मारायचं, आणि वर समोरच्याकडून आभार मानून घ्यायचे, अशी त्याची ख्याती. तीस वर्षांत त्याने एकही निवडणूक लढवली नाही. लढवून मात्र पुष्कळ घेतल्या. त्याने लिहून दिलेली माफी मागून एकजण तर दोनदा निवडून आला होता.

उतारवयात त्याने जरा सावलीतलं काम धरलं. नगरपालिकेला काही बांधायचं किंवा पाडायचं असलं की आधी जनसुनावणी घ्यावी लागते. ती बिनबोभाट पार पाडून द्यायची. पाटीवर याला ‘लोकसंवाद’ म्हणतात. माणसांचा हिशेब त्याला तोंडपाठ होता. ओरडणारा एकटा असला तर त्याला चहा पाजावा. दहा असले तर त्यातल्या दोघांना समितीत घ्यावं. शंभर आले तर मात्र हात जोडून तारीख पुढे ढकलावी. शंभरांपुढे कुणाची मात्रा चालत नाही.

अशात एका दुपारी त्याची थोरली बहीण ऑफिसात येऊन थडकली. शाळेत जन्मभर खेळ शिकवून निवृत्त झालेली, आणि अजून रोज पहाटे अग्निशमन केंद्रामागच्या मैदानावर मुलींना धावायला शिकवणारी.

“बाळ्या, तुझ्या ऑफिसात खुर्च्या मऊ आणि माणसं कडक. बाहेरची ती मुलगी मला विचारते, वेळ ठरवून आलात का? म्हटलं, याचं नाक पुसताना कधी वेळ ठरवली नव्हती.”

“ताई, बस ना. काय काम काढलंस?”

“मैदान जातंय आमचं. तीन मजली पार्किंग करताहेत. बुधवारी सुनावणी आहे. मी पोरींना घेऊन जाणार, त्यांच्या आईबापांना घेऊन जाणार. दीडशे तरी होतील. शिट्ट्या घेऊनच जाणार आहोत.”

पार्किंगचा नकाशा त्याच टेबलावर, ताईच्या कोपरापासून वीतभर अंतरावर पालथा पडला होता. ते काम त्याच्याकडेच होतं. आता सांगावं, असं त्याच्या मनात आलंही. पण सांगितलं तर ताई दीडशेचे तीनशे करून आणील, हेही आलं, आणि ते आधी आलं.

“गर्दी नको गं,” तो म्हणाला. “गर्दी पाहिली की साहेबलोक बिथरतात, कान मिटून घेतात. तू एकटी जा. मुद्देसूद बोल. तुझ्या एका शब्दाला दीडशे शिट्ट्यांपेक्षा जास्त वजन आहे.”

“खरंच म्हणतोस?”

“तीस वर्षं हेच तर करतोय.”

हे शेवटचं वाक्य तेवढं खरं होतं. दहा खोट्यांच्या शेवटी एक खरं ठेवावं, म्हणजे मागचं सगळं खपतं, असं तो उमेदवारांना नेहमी सांगे.

ताई गेल्यावर त्याने स्वतःची समजूतही तितक्याच कौशल्याने घातली. वरून सगळं ठरलेलंच आहे. ताईचा उगाच घसा बसला असता. पार्किंगच्या गच्चीवर एक धावपट्टी आपण सुचवू. बुधवारनंतर तिला सगळं नीट सांगू.

बुधवारी सभागृह दुकानदारांनी भरलं होतं. त्यांना पार्किंग हवंच होतं. त्याला फक्त त्यांना वेळ बरोबर कळवावी लागली. ताई इस्त्रीची साडी आणि पांढरे बूट घालून आली, आणि कागद न बघता बोलली. मैदानावर पहिल्यांदा आलेली मुलगी आधी मागे वळून बघत धावते, कुणी हसतंय का म्हणून. महिनाभराने ती वळायचं सोडते. हे शिकवायला मला जागा लागते, साहेब, बाकी काही लागत नाही. तो शेवटच्या रांगेत बसून ऐकत होता. असं भाषण त्याला कधी लिहिता आलं नव्हतं.

“छान बोललात बाई,” अध्यक्ष म्हणाले. “नोंद घेतली. एकच हरकत. बाकी सर्वांची संमती धरतो.” मग त्यांना मोठेपणा सुचला. “आणि इतकी शिस्तीची सुनावणी मी आजवर पाहिली नाही. हे सगळं आखलं आमच्या सल्लागारांनी. मागे लपून बसलेत बघा. अहो, उभे राहा!”

तो उभा राहिला. टाळ्या झाल्या. ताईनेही मागे वळून भावाला बघितलं आणि सवयीने दोन टाळ्या वाजवल्या. तिसरीला हात थांबले.

बाहेर पायऱ्यांवर ती म्हणाली, “मला वाटलं, तू माझ्यासाठी येऊन बसलास.”

“ताई, वरून ठरलंच होतं गं. मी अपील लिहून देतो, अजून मुदत आहे...”

“नको. तुझा एक सल्ला पुरे झाला मला.” तिने चष्मा पुसला. “पोरींना मी घरी बसवलं रे. म्हटलं, माझा भाऊ यातला आहे, त्याला कळतं. आता उद्या सकाळी ये आणि त्यांना तूच सांग. माझ्याने नाही व्हायचं ते.”

सकाळी तो गेला. मुली अर्धगोल करून उभ्या राहिल्या.

“प्रक्रियेतल्या काही मर्यादांमुळे...” त्याने सुरुवात केली.

“बाळ्या,” ताई म्हणाली. “सरळ बोल.”

“मैदान गेलं,” तो म्हणाला. “बाईंना एकटीने जायला मी सांगितलं. आणि पार्किंगचं काम माझ्याकडेच होतं.”

बुटाची नाडी बांधत बसलेल्या एकीने वर बघितलं. “काका, आम्ही सगळ्या आलो असतो तर?”

अशा प्रश्नाला ‘सांगता येत नाही’ म्हणायचं असतं. शब्द ओठांवर आलेही होते.

“तारीख पुढे ढकलली असती,” तो म्हणाला. “आणि एकदा पुढे गेलेलं सहसा होत नाही.”

“हे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?”

“हो.”

ताईने आता चिडावं असं त्याला फार वाटलं. लहानपणी ती कान पिळायची, डोळ्यांत पाणी यायचं, आणि दोघं जेवायला बसायची. तो तिच्याकडे बघत राहिला. ती घड्याळाकडे बघत होती.

“चला गं,” ती मुलींना म्हणाली, “खणायला येतील तोवर जागा आपलीच आहे. रांगा लावा.”

मुली आखलेल्या पट्ट्यांवर जाऊन वाकल्या. नाडीवाली मात्र ताटकळत होती.

“काका, बाजूला होता का? इथून मी धावते.”

“हो, हो,” म्हणत तो बाजूला झाला, आणि तिथेही दुसरीची पट्टी होती, म्हणून आणखी बाजूला झाला.