ओझेलाचा बुडवलेला पलंग

हॉयटला पायमोज्यांचा जोड घ्यायचा तरी दोन दुकानं आणि तीन माणसांचा सल्ला लागतो, हे ओझेलाला मुलीच्या लग्नातच कळून चुकलं होतं. पण मासे शोधायच्या यंत्रापायी हा जावई अख्खा एप्रिल खाईल, असं तिला वाटलं नव्हतं. रोज नवा खोका घरी आणायचा, उघडून बघायचा, परत करायचा. दुकानदारसुद्धा आता त्याला बघून कॉफी ओतायला लागला होता.

आणि शनिवारी चर्चमध्ये माशांचं जेवण! यंदा मासे आणायची पाळी ओझेलाची. तिच्या घरून नेहमी तळ्यातले ताजे क्रॅपी मासे गेलेले. दुकानातला गोठवलेला मासा नेण्यापेक्षा तिनं आजारपणाचं सोंग घेतलं असतं.

क्रॅपी राहतात बुडालेल्या झाडांत. म्हणून मिलर्स बेंडच्या तळ्यावर थंडीत जो तो झाडांचे शेंडे सिमेंटच्या ठोकळ्यांना बांधून पाण्यात सोडतो, आणि जागा सख्ख्या भावालाही सांगत नाही. ओझेलानंही हॉयटला घेऊन सीडरची झाडं सोडली होती, वर आपला जुना लोखंडी पलंग.

"जागा फोनमध्ये टिपून ठेवू, मिस ओझेला?" सासूला तिकडच्या रीतीनं 'मिस' म्हणत त्यानं तेव्हा विचारलं होतं.

"फोनमध्ये? म्हणजे सगळ्या गावाला बोलावणं! तो पाण्यातला वाळका बुंधा दिसतोय ना? बास झालं."

मार्चच्या वादळात बुंधा वाहून गेला.

शुक्रवारी सकाळी ती स्वतःच हॉयटबरोबर दुकानात जाऊन उभी राहिली आणि सगळ्यात मोठ्या पडद्यावर बोट ठेवलं. "हे घे. बघ, कसे थव्यानं मासे दिसताहेत!"

"आपण दुकानात आहोत, मिस ओझेला. ते रेकॉर्डिंग आहे. सगळ्यांवर हेच मासे फिरतात."

दुकानदाराला एकदम खोकला आला.

हॉयटनं एक मधलं यंत्र उचललं, दाराबाहेर नेऊन उन्हात धरलं, डोळे बारीक केले. "आपली होडी छोटी, बॅटरी छोटी. मोठा पडदा ती दुपारपर्यंत पिऊन टाकेल. हे उन्हात वाचता येतं. आणि साध्या यंत्रावर झाड म्हणजे नुसता डाग; हे सरळ खाली बघतं आणि फांदी न् फांदी दाखवतं."

"एवढं ठाऊक होतं तर महिनाभर काय अंडी उबवत होतास?"

दुपारी नवं यंत्र लावलेली होडी तळ्यात शिरली. ओझेला पुढे बसून हुकूम सोडत होती. "थांब! बुंधा इथेच होता."

होडी थांबली. पडद्यावर नुसते आडवे पट्टे.

"हे काय? तळाला कुणी सतरंजी अंथरलीय?"

"होडी थांबली की तीच जागा पुन्हा पुन्हा उमटते. सावकाश चालवत ठेवायला हवी."

"मासे पळतील!"

"नाही पळत. गवत कापतो तसं जाऊ, पट्ट्यापट्ट्यानं."

तो जात राहिला, तिच्या जागेपासून पार लांब, खोल पाण्याकडे. "तिकडे काय तुझं दुसरं सासर आहे?" तिनं विचारलं. उन्हं कलली. उद्याच्या जेवणात पाद्रीबाबांसमोर कुठला चेहरा घेऊन उभं राहायचं, या विचारानं तिनं रिकामी बादली पायानं लांब सारली.

मग पडद्यावर पांढऱ्या फांद्या उमटल्या. फांद्यांवर तिरके पडलेले सरळसोट गज. गजांमध्ये तांदूळ सांडावेत तसे मासे.

ते गज ओझेलानं जन्मभर पुसले होते.

"एवढ्या लांब कसा आला हा?" ती पुटपुटली.

सिमेंटचे ठोकळे बांधलेला लोखंडी पलंग पोहत जात नाही, हे हॉयटलाही कळत होतं. तिनं फोनमध्ये टिपू न दिलेली जागाही त्याला आठवत असणार. "वादळात सरकला असेल," एवढंच म्हणून तो गळाला आमिष लावू लागला.

पहिला क्रॅपी तिच्याच गळाला लागला. चौथ्यानंतर तिनं मान वळवून जावयाकडे नीट पाहिलं.

"हॉयट, यंत्र बरं निवडलंस. जागा त्याच्यात टिपून ठेव, मी सांगतेय. आणि यापुढे एका खरेदीला महिना लावलास, तर ठोकळे बांधून तुलाच या पलंगावर झोपवीन. मासे तरी जमतील."