पिवळ्या पेशींची पारख

मित्रांनो, माझ्याकडे बघून आजवर कुणी शहाणं झालेलं नाही. जे झाले ते माझ्यातून बघून. मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. अंगाने दणकट, रंगाने काळा आणि स्वभावाने, मला रोज पुसणाऱ्या काकांच्या शब्दांत सांगायचं तर, जरा खवट.

माझी भिंगं कारखान्यातल्या एका वयस्क बाईंनी घासली. एकेक भिंग दिव्यासमोर धरून त्या इतका वेळ बघायच्या, की मालकाला वाटायचं, यांना बसल्या बसल्या डुलकी लागली. "झालं का?" असं त्याने विचारलं की त्या म्हणायच्या, "झालं असतं तर खाली ठेवलं नसतं का?" माझ्यातला हट्टीपणा त्यांच्याच हातचा असावा.

तिथून मी या प्रयोगशाळेत आलो. इथे मेंदूत होणाऱ्या गाठींचा अभ्यास चालतो. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचे काप काचपट्टीवर चिकटवतात आणि ती काचपट्टी माझ्यासमोर येते. सुरुवातीला माझा काय थाट होता म्हणून सांगू! माझ्यापुढे रांग लागायची. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या प्रमुख, तेव्हा काही मोठ्या नव्हत्या. त्या तासन्‌तास मला डोळे लावून बसायच्या आणि उठल्या की डोळ्यांभोवती माझ्या रबराचे दोन गोल उमटलेले असायचे. तशाच त्या वर्गावर शिकवायला जायच्या. त्यांना सांगायची कुणाची छाती नव्हती.

उपकरणांची देखभाल काकांकडे. कुणी माझ्या भिंगाला लावलेलं तेल न पुसता गेलं, की काका सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं विचारायचे, "घरी जेवून हात न धुताच उठता का हो?"

मग नवीन यंत्र आलं. त्याला स्वतंत्र खोली, स्वतंत्र थंड हवा आणि आत जाताना चपला बाहेर. मला कोपऱ्यातल्या टेबलावर हलवलं, वर प्लास्टिकचं आवरण घातलं, आणि त्या आवरणावर लोक छत्र्या वाळत घालू लागले. जळलो का? जळलो. खोटं कशाला बोलू?

आता मूळ गोष्टीकडे येतो. गाठ वाढायची तर तिला रक्त लागतं आणि रक्त आणायला वाहिन्या लागतात. या वाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी येतात कुठून? सगळे समजत होते की गाठ आजूबाजूच्या निरोगी वाहिन्यांना फाटे फोडायला लावते, म्हणजे शेजाऱ्याच्या नळाला आपली नळी जोडते. मोठ्या बाईंचं म्हणणं वेगळं होतं. "ही बया शेजाऱ्यांवर अवलंबून राहणारी नाही," त्या म्हणायच्या. "हिच्या घरचीच पोरं रूप बदलून नळ्या होतात." हे खरं असेल, तर नुसता शेजाऱ्याचा नळ बंद करणारं औषध अपुरं पडेल. म्हणून हा प्रश्न मोठा होता.

पारख करायची रीत सोपी. अस्तराच्या पेशी हिरव्या चमकतील आणि गाठीच्या पेशी लाल चमकतील असे रंग कापाला द्यायचे. एकाच पेशीत दोन्ही रंग असले, तर ती पिवळी दिसते. पिवळी पेशी म्हणजे गाठीच्या घरातून निघून नळी झालेली पेशी.

हे काम ताईकडे होतं. ताई म्हणजे बाईंची विद्यार्थिनी. चार वर्षं तिने दुसरं काही केलं नाही. स्वतःच्या बहिणीच्या लग्नातही ती खिशात रंगांच्या वेळांची चिठ्ठी घेऊन उभी होती. तिला नवीन यंत्रावर दोनशे चौदा पिवळ्या पेशी सापडल्या. बाई हरखून गेल्या. त्यांनी मोठ्या परिषदेत हा आकडा जाहीर केला आणि एका पिवळ्या पेशीचं चित्र चौकटीत घालून खुर्चीमागे टांगलं. शुक्रवारी शोधनिबंध पाठवायचा ठरला. ताईची पदवी आणि बाईंचा शब्द, दोन्ही त्या दोनशे चौदांवर उभी होती.

सोमवारी नवीन यंत्र रुसलं. ताईला तर निबंधातल्या चित्रासाठी चांगल्यातली चांगली एक पेशी निवडायची होती, म्हणून ती नाइलाजाने माझ्याकडे आली. माझ्यावरच्या दोन छत्र्या काढल्या, पाठीमागचा दिवा पेटवला आणि काचपट्टी ठेवली. पिवळी पेशी दिसली. ताईने वहीत जागा टिपून घेतली आणि पुन्हा डोळा लावला, तर लाल रंग फिका झालेला आणि हिरवा लखलखीत.

मित्रांनो, माझी एक खोड कबूल करतो. म्हातारपणी माझा स्क्रू सैल झालाय. काचपट्टी ठेवायचा मंच आपोआप केसभर खाली सरकतो.

"काका, हा खाली घसरतोय!" ताई ओरडली.

"वय झालं त्याचं," काका म्हणाले. "माझे गुडघे बघितलेत का?"

ताईने स्क्रू फिरवून मंच वर घेतला. लाल पेशी स्पष्ट. सोडून दिला. लाल विरघळली, हिरवी स्पष्ट. आणखी चार वेळा तिने तेच केलं, आणि मग तिचे हात थंड पडलेले मला स्क्रूवर जाणवले. ती एक पेशी नव्हतीच. वर हिरवी होती आणि तिच्या बरोबर खाली लाल झोपली होती, रेल्वेच्या वरच्या-खालच्या बर्थवर दोन अनोळखी प्रवासी झोपावेत तशी.

चूक कुठे झाली ते तिला तिथल्या तिथे कळलं. वाहिन्या लांबलचक दिसाव्यात म्हणून त्यांनी काप नेहमीपेक्षा जाड घेतले होते. नवीन यंत्राला एकेक थर वेगळा टिपता येत होता, पण त्यात एका पेशीला वीस मिनिटं जायची. म्हणून सगळे थर चेपून एकच चित्र घ्यायची पद्धत पडली. यंत्र बिचारं सांगितलेलं करत होतं. माझा त्याच्यावरचा राग तेव्हा थोडा कमी झाला. फार नाही.

दोन दिवस ताई तीच काचपट्टी पुन्हा पुन्हा माझ्यासमोर ठेवून बघत होती. गप्प बसली असती तर कुणाला कळणार होतं? बुधवारी काका माझं भिंग पुसता पुसता तिला म्हणाले, "मला तुमच्यातलं काही कळत नाही, ताई. पण एवढं कळतं की डाग दिसला आणि पुसला नाही, की तो उद्या दुसऱ्याला पेशी वाटतो."

ताई उठली आणि बाईंना घेऊन आली.

बाई माझ्यासमोर बसल्या. किती वर्षांनी! पहिली पेशी, दुसरी, पाचवी. त्या स्क्रू फिरवत राहिल्या आणि पिवळं फुटून लाल-हिरवं होत राहिलं. मला वाटलं, आता ताईवर वीज कोसळणार. माझ्या भिंगांना घाम फुटत नाही, नाहीतर फुटला असता.

"हे तू मला सांगितलं नसतंस," बाई अखेर म्हणाल्या, "तर मला कधी कळलं असतं?"

"निबंध छापून आल्यावर, बाई," ताई रडवेल्या आवाजात म्हणाली. "दुसऱ्या कुणाकडून."

बाई उठल्या. त्यांनी आपलं स्टूल ताईकडे सरकवलं. "बस. सगळ्या बघायच्या. एकूण एक."

शुक्रवार आला आणि गेला. नऊ दिवस दोघी आळीपाळीने माझ्यापुढे बसल्या. दोनशे सात पेशी फुटल्या. सात उरल्या. त्या सातांना वर घ्या, खाली घ्या, कसंही हलवा. लाल आणि हिरवा एकमेकांना सोडेनात. त्या खरोखरच गाठीच्या घरच्या होत्या. बाईंचं म्हणणं खोटं नव्हतं, फक्त त्यांनी सांगितलं होतं त्यापेक्षा फार फार लहान होतं.

ताई म्हणाली, "सातांवर काय निबंध होणार?"

"दोनशे चौदांवर मी भाषण ठोकलं," बाई म्हणाल्या. "या सातांवर मी पैज लावीन." मग त्यांनी परिषदेला चूक कबूल करणारं पत्र लिहायला घेतलं. ताई खाली सही करायला पुढे झाली, तर त्यांनी तिचा हात बाजूला केला. "या दोनशे सात माझ्या एकटीच्या नावावर. सात तुझ्या नावावर जातील, आणि तुझं नाव पहिलं."

ताई इतकी रडली की काकांनी भिंगं पुसायचा खास कागद तिच्या हातात दिला. तो कागद ते स्वतःच्या सख्ख्या भावाला देणार नाहीत.

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. डोक्यावर छत्र्या ठेवा, चालेल. काकांना सांगू नका म्हणजे झालं. पण जे दिसावंसं वाटत होतं तेच एखाद्या दिवशी दिसलं, तर टाळ्या वाजवायच्या आधी एकदा स्क्रू फिरवून बघा. आणि तुमचं चुकलंय हे सांगायला कुणी थंड हातांनी तुमच्या दारात उभी राहिली, तर तिला आधी बसायला स्टूल द्या.