चौथा रकाना

"अहो, तुम्ही तर दुर्बीणसुद्धा लावत नाही!" टेस म्हणाली.

"दुर्बीण तुम्हा पोरींसाठी," नेव्हिल म्हणाला.

एकवीस वर्षं नेव्हिल आणि मी या टेकडीच्या उतारावर कांगारूंच्या कुळातली जनावरं मोजत चालतोय. नियम एकच: सगळ्यांचं लिहून होईपर्यंत कुठलं जनावर ते बोलायचं नाही. आज कार्यालयातून टेस आली होती, नेव्हिलच्या नोंदी आपल्या नोंदींशी ताडून बघायला. त्याच्या डोळ्यांबद्दल कुणीतरी कागाळी केली होती. एक जरी नोंद चुकली, तरी त्याचं काम सुटणार होतं. बायको गेल्यापासून या कामाशिवाय त्याला उरलं होतं तरी काय?

सकाळपासून चूक नव्हती. गुपित मला ठाऊक होतं. त्याला आता जनावर दिसत नाही, नुसती हालचाल दिसते. मोकळ्या गवतावरून पळालं की कांगारू, झुडपात घुसलं की त्याहून लहान वॉलबी, खडक चढून गेलं की दोन्हींच्या मधलं, दणकट वॉलरू. दोन वर्षं त्यानं असंच निभावून नेलं.

शेवटच्या वळणावर मात्र एक म्हातारं जनावर उभं होतं, कान फाटलेलं. नेव्हिलनं टाळी वाजवली. ते हललं नाही. त्यानं बूट आपटला. ते उभंच. जन्मभर पळून तेही कंटाळलं असावं.

मला लख्ख दिसत होतं: राठ केस, काळं बिनकेसांचं नाक, कोपरं अंगाशी घेतलेली. वॉलरूच. टेस खाली मान घालून लिहीत होती. मला राहवलं नाही.

"कोपरं बघ ना रे, अंगाशी घेतलीत," मी कुजबुजले. एकवीस वर्षांत पहिल्यांदाच.

"गप, डोरीन. ते तू पाहिलंस. मी नाही."

आमच्या कागदावर चार रकाने असतात. चौथा 'ओळखता आलं नाही' असा, नवख्यांसाठी. नेव्हिलनं तो कधी वापरला नव्हता. त्यानं कागद नाकाशी धरला, त्या रकान्यात एक रेघ ओढली आणि कागद टेसच्या हाती दिला. टेसनं तो वाचला आणि घडी घातली. मला रडू येत होतं.

आम्ही उतरू लागलो, तेव्हा मागे दगड घरंगळले. ते जनावर सावकाश खडक चढून वर निघालं होतं. नेव्हिल वळून बघत राहिला.

"वॉलरू," तो म्हणाला.

कागद त्यानं परत मागितला नाही.