एक केबीची गाणी

साउंडचा ड्रायव्हर बसला का पाहावं म्हणून अश्वजितनं एका गाण्यावर डबल क्लिक केलं.

गाणं वाजलं नाही. स्क्रीनवर चौकोन आला: फाईल सापडत नाही. दुसऱ्या गाण्यावर टिचकी मारली, तोच चौकोन. दहाव्यावर, चाळिसाव्यावर, तोच. त्रेसष्ट नावं होती आणि प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात तो मुडदा बारका बाण. साईज पाहिली. एक केबी. सगळ्यांची एक केबी. म्हातारीचा खोकला मावत नाही एका केबीत, गाणं कुठून मावणार?

शॉर्टकट होते सगळे. गाण्याच्या घराकडं बोट दाखवणाऱ्या नुसत्या पाट्या. आणि घर होतं डेस्कटॉपवर, म्हणजे सी ड्राइव्हमध्ये, जो अश्वजितनं सकाळी अकरा वाजता पुसून, नवं विंडोज टाकून चकाचक केला होता.

कम्प्युटर रिठदच्या देवमन गुरुजींचा. रिटायर झाल्यापासून पाच वर्षं हा माणूस मोबाईल घेऊन गावोगाव फिरला. छप्पन सालानंतर ज्या घरांनी देव्हारे रिकामे केले, त्या घरांतल्या बायांनी जात्यावर बाबासाहेबांची गाणी म्हटली. ती गाणी कोणत्या पुस्तकात नाहीत. कोणाला गरजच वाटली नाही. आता त्या बाया एकेक करून चालल्या, म्हणून त्यांचे आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करायची गुरुजींची धावपळ. मोबाईल भरला की गाणी कम्प्युटरात टाकायची आणि मोबाईलमधून उडवायची. हा सल्ला अश्वजितचाच. ‘डेस्कटॉपवर काही ठेवू नका गुरुजी, डी ड्राइव्हमधी ठेवत जा, तो पुसत नाई,’ हाही त्याचाच. गुरुजींनी ऐकलं, फक्त कॉपीच्या जागी शॉर्टकट झाले. सकाळी अश्वजितनं डी उघडून पाहिला, ‘गाणी’ नावाचं फोल्डर दिसलं, त्रेसष्ट नावं दिसली, आणि स्वारीचं समाधान झालं. साईज पाहायला एक क्लिक लागते. तेवढी फुरसत नव्हती.

येत्या रविवारी रिठदला भागिरथाबाईंचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. बाई महिन्यापूर्वी गेल्या. तिथं गुरुजींनी रेकॉर्ड केलेलं त्यांचंच गाणं वाजवायचं ठरलं होतं. पत्रिकेत छापलं होतं तसं. गुरुजी कम्प्युटर अश्वजितच्या दुकानात टाकून वाशिमला गेले होते आणि चारच्या गाडीनं परत येणार होते.

दोन वाजायला आले होते.

“काय झालं रे भाऊ? साप पाह्यल्यावानी कायले बसला?” चंपतनं विचारलं. चंपत किन्हीराजाचा, वांगी-मेथीवाला. पीकविम्याच्या फॉर्मची प्रिंट पाहिजे म्हणून तासभर बाकावर बसला होता.

“गुरुजीची गाणी गेली.”

“कुठी गेली?”

“मी पुसली.”

चंपतनं तंबाखू मळायची थांबवली. “मंग आन परत.”

आण परत! अश्वजितनं कम्प्युटर बंद केला, हार्डडिस्क उपसून स्वतःच्या मशीनला लावली आणि पुसलेलं शोधणारं सॉफ्टवेअर चालू केलं. पुसलं म्हणजे लगेच जात नाही. पाटीवरचं नाव जातं, माल जागेवरच असतो, त्याच्यावर दुसरं काही पडेपर्यंत. पट्टी सरकायला लागली. तीन टक्के. चार. तो उठला, पंखा वाढवला, बसला, पुन्हा उठला. बाहेर स्टँडवर गाडी लागली की त्याची मान शटरकडं वळायची.

नऊ टक्क्यांवर त्याला आठवलं. त्यानं कपाळावर हात मारून घेतला, तो पार चंपतला ऐकू गेला.

डीजे!

वाशिमजवळच्या या मालेगावात फॉरमॅट मारणारी पाच दुकानं. गिऱ्हाईक आपल्याकडं यावं म्हणून अश्वजित प्रत्येकाच्या डेस्कटॉपवर एक फोल्डर फुकट टाकून द्यायचा: जयंतीच्या मिरवणुकीतली डीजे गाणी, चौदा जीबी. गिऱ्हाईक खूश. गुरुजींनी मागितली नव्हती, तरी सकाळी टाकली. हाताला वळणच पडलं होतं. म्हाताऱ्यांच्या आवाजावर त्यानं स्वतः चौदा जीबीचा धुमाकूळ आणून ओतला होता.

“हे पाय,” चंपत जवळ सरकला. “गुरुजी आले का सांगून दे, हारडिक्स उडाली. माह्या पोराच्या कम्प्युटरच्या टायमाले तू मले हेच सांगतलं होतं.”

अश्वजितनं सांगितलं होतं. त्या वेळी हार्डडिस्क खरंच गेली होती का, हे त्याला आता सांगता आलं नसतं. या धंद्यातल्या निम्म्या हार्डडिस्क अशाच मरतात. मेल्यावर बोलत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण.

पावणेचारला सत्तावन्न फाईली सापडल्या. एकीलाही नाव नाही, नुसते नंबर. तो एकेक लावत गेला. सतरा धड निघाल्या. बाकी खरखर, नाही तर चिडीचूप. एकेचाळिसावी लावली. गुरुजींचा नियम होता, बाईनं आधी स्वतःचं नाव सांगायचं, मग गाव, मग मायचं नाव.

“मी भागिरथा. गाव रिठद. माय माही सखू.”

जातं घरघरलं.

“दळन दळते बाई, भिमाच्या नावाचं...”

आणि धाड धाड धाड! डीजे. चंपत बाकावरून उडाला. अश्वजितनं बंद केलं, पुन्हा लावलं. पुन्हा नाव, जातं, अर्धी ओळ, धाड धाड. तीन वेळा लावलं त्यानं. काय बदलणार होतं?

“जय भीम, बापू! झालं काय काम?” गुरुजी शटरखालून वाकून आत आले. घामेजलेले. हातात पत्रिकांचा गठ्ठा.

अश्वजितचं तोंड उघडायच्या आत चंपत बोलून गेला, “गुरुजी, हारडिक्स उडाली तुमची.”

गुरुजी बाकावर टेकले. गठ्ठा मांडीवर घेऊन सुतळी घट्ट केली. मग म्हणाले, “उडाली? आता मशीनच ते. तुले तरी काय म्हनाव.”

झालं होतं. नुसतं गप्प बसायचं होतं. चंपत डोळ्यानं खुणावत होता, बस, बस. आणि गुरुजींचं ते ‘तुले तरी काय म्हनाव’ अश्वजितच्या कानात मुंगळ्यासारखं फिरत होतं. शिवी दिली असती तर पचली असती.

“उडाली नाई,” तो म्हणाला. “मी पुसली. नावं पाह्यली, साईज नाई पाह्यली. तुमचे शॉर्टकट होते. सतरा वाचल्या.”

“भागिरथाबाई?”

अश्वजितनं एकेचाळिसावी लावली. मधे बंद केली नाही. डीजे दुकानभर वाजला. पत्र्याचं शटर थरथरलं.

“हे काय हाये?” गुरुजींनी विचारलं.

“हे मी टाकलं. फुकटात.”

गुरुजी उठले. मारतात की काय, असं चंपतला वाटलं. मारलं नाही. खिडकीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. “सेहेचाळीस बाया गेल्या म्हंजे. त्यातल्या जित्त्या असतील वीस-बावीस. त्याइच्याकडं पुन्हा जाता येते. गातीन, नाई गातीन, त्याइची मर्जी.” ते वळले. “हिच्याकडं जाता येत नाई.”

“तुमी शिव्या तरी द्या.”

“शिव्या देऊन तुले मोकळा करू काय? शॉर्टकट म्या केले, माही चूक मी सांगीन. तुही तू सांग. लाव तिच्या पोरीले फोन.”

“मी?”

“मंग कोन, चंपतराव?”

चंपतनं प्रिंट न घेताच चप्पल शोधायला सुरुवात केली. अश्वजितनं नंबर लावला. दुसऱ्याच रिंगला भागिरथाबाईंच्या पोरीनं, धम्मदीपानं उचलला.

“हां अश्वजित, बरं झालं तूच फोन केला. मी म्हनत होती, स्पीकर मोठा सांगू काय? लय लोकं येऊन राह्यले. मावशी तर म्हने, तिचा आवाज आयकाले मी बैलगाडीत बसूनही येतो.”

“ताई, स्पीकर नका सांगू.”

“काहून?”

गुरुजी त्याच्याकडं पाहत उभे होते.

“तुमी बसा पहिले,” अश्वजित म्हणाला. “बसल्या काय? सकाळी अकरा वाजता मी...”