बंद राहण्याची पाळी

बाबांचा अंत्यविधी चारला होता आणि दोनपासून लिफ्ट बंद होती. आई सहाव्या मजल्यावर, दोन्ही गुडघे निकामी. बाबांना दवाखान्यातून परस्पर स्मशानात नेणार होते. आई उतरली नाही, तर तिला ते शेवटचे दिसणार नव्हते.

बाबा सरकारी लिफ्ट खात्यात मेकॅनिक होते. तेव्हा सुटे भाग वर्षातून एकदा यायचे आणि बारा इमारतींना पुरायचे नाहीत. म्हणून बाबा एका लिफ्टचा भाग काढून दुसरीला बसवत. दर आठवड्याला एक इमारत पाळीने बंद. पहिला आठवडा ते आमच्याच इमारतीचा धरत. पुढे खातं गेलं, कंपनी आली. शेजारच्या इमारतीने करार केला. आमच्याकडे त्यावर अजून बैठका चालू आहेत.

कंपनीचा मेकॅनिक शेजारीच काम करत होता. बाबांच्या हाताखाली शिकलेला. काका त्याला वर घेऊन आले. काकाही त्याच खात्यातले.

"इथला रिले जळलाय. तासाभरासाठी तिकडचा काढून इथे लाव. आम्ही तेच करायचो."

"साहेब, आता प्रत्येक भागाला नंबर असतो. नोकरी जाईल माझी."

"आमच्या वेळी कुणाची नोकरी जात नव्हती."

"लिफ्ट तरी कुठे जात होती?"

काकांनी हसू गिळलं. "बंद असली तरी सगळ्यांची बंद असायची."

"भावजी, पुरे," आई म्हणाली. "या पोरीच्या वेळी मला नववा लागलेला, आणि नेमका आपला आठवडा. पिशव्या घेऊन सहा मजले चढले. यांना म्हटलं, एवढ्या वेळी दुसऱ्यांची बंद ठेवा. म्हणाले, तिथेही कुणीतरी चढतंच ना." मग मेकॅनिकला म्हणाली, "तू नोकरी घालवू नकोस. खुर्ची उचल."

काकांनी पाठ धरली, त्याने पाय. मी आईच्या चपला घेऊन मागे. चौथ्या मजल्यावर काका समानतेबद्दल बोलत होते, तिसऱ्यावर तो वेळेवर मिळणाऱ्या सुट्या भागांबद्दल. दुसऱ्यावर दोघांनाही दम लागला. या विषयावर मी कपाटभर पुस्तकं वाचली आहेत. बाबांना त्यांचं मत विचारायचं राहून गेलं.

खाली पोचलो तेव्हा साडेतीन झाले होते. आईने केस सारखे केले, चपला घातल्या.

"परत वर कोण नेणार?"

काकांनी मेकॅनिककडे पाहिलं.

"माझी ड्यूटी सहाला सुटते, काकू," तो म्हणाला. "मग येतो."

"ये. तोवर मी तिकडे, यांच्यापाशीच बसते," आई म्हणाली.